पदवी झाली, आता अभिनय करायचाय: शाळा, ऑडिशन आणि मधले रिकामे दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: विद्यापीठाचं शिक्षण संपलं, तिथे असताना नाटकांतून कामं केली, लोकांनी कौतुकही केलं, आता अभिनयच करायचा आहे. मग आधी अभिनयाच्या शाळेत जावं की थेट ऑडिशन द्यायला लागावं? पदवी भलत्याच विषयातली आहे, तर उशीर झालाय का? घरच्यांना काय सांगावं? आणि या सगळ्याला किती वर्षं द्यावीत? मी बरीच वर्षं रंगभूमीवर आणि कॅमेऱ्यासमोर काम करतो आहे, नव्या नटांच्या तालमीही घेतो. त्या अनुभवावरून लिहितो.

शाळा की ऑडिशन, हा प्रश्न माझ्या मते दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की ज्या दिवशी तुम्हाला कुणीही बोलावलेलं नाही त्या दिवशी तुम्ही नट म्हणून काय करणार? विद्यापीठात कुणीतरी संहिता निवडायचं, दिग्दर्शक तालमीची वेळ ठरवायचा, प्रयोगाची तारीख ठरलेली असायची, समोर ओळखीचे प्रेक्षक असायचे. निकालानंतर हे सगळं एकदम थांबतं. चांगली, गुणी मुलं-मुली इथेच ढेपाळताना मी पाहिली आहेत. त्यांच्यात काही कमी नसतं. पण तालीम म्हणजे कुणीतरी लावून दिलेली गोष्ट, ही सवय सुटत नाही आणि ती वाट पाहत बसतात. नटाच्या आयुष्यात कामाच्या दिवसांपेक्षा बिनकामाचे दिवस जास्त असतात, नावाजलेल्या नटांच्याही. ते दिवस कसे जातात यावर पुढचं बरंचसं अवलंबून असतं.

उशिराचं आधी संपवून टाकतो, कारण ती भीती विनाकारण पोखरत राहते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. वैद्यकी सोडून ते पूर्णवेळ नट झाले 1969 मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. मात्र रुग्ण तपासत होते त्या वर्षांतही त्यांचं नाटक चालूच होतं, हे विसरू नका. ॲलन रिकमन यांनी ग्राफिक डिझाइनचा चालता व्यवसाय सोडून सव्विसाव्या वर्षी लंडनच्या राडा या नाट्यशाळेत प्रवेश घेतला आणि चित्रपटात त्यांचं नाव झालं ते थेट चाळिशीनंतर. तुम्ही विशीत आहात. तुम्ही पडद्यावर किती वर्षांचे दिसता, हे तुमच्या खऱ्या वयापेक्षा महत्त्वाचं असतं आणि या वयात शाळकरी मुलापासून नव्यानं नोकरीला लागलेल्या माणसापर्यंत बऱ्याच भूमिका आवाक्यात असतात. पदवीचा विषय वाया जात नाही. इतिहास, कायदा, रसायनशास्त्र, काहीही शिकला असाल तरी एखाद्या किचकट मजकुराशी तासन् तास बसण्याची सवय तुम्हाला लागलेली आहे. संहिता वाचताना तीच उपयोगी पडते.

आता शाळा. चांगली नाट्यशाळा काय देते, तर भरपूर वेळ आणि प्रेक्षकांच्या नजरेआड चुकण्याची मुभा. आवाज आणि शरीर बदलायला महिने लागतात. छाती वर उचलून उथळ श्वास घेण्याची सवय आठ दिवसांच्या कार्यशाळेत जात नाही, रोजच्या सरावानं वर्षभरात जाते. म्हणूनच जुन्याजाणत्या संस्थांचे अभ्यासक्रम लांब असतात. 1904 मध्ये सुरू झालेल्या राडाचा पदवी अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचाही (स्थापना 1959) तीन वर्षांचा. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तर प्रवेशासाठी पदवी आणि नाटकाचा अनुभव दोन्ही मागतात, म्हणजे तुमच्यासारख्याचाच तिथे विचार केलेला आहे. पॅरिसमध्ये जाक लकॉक यांनी 1956 मध्ये काढलेली शाळा देहबोली, मुखवटे आणि समूहानं नाटक रचण्यासाठी ओळखली जाते. प्रत्येक शाळेचा कल वेगळा असतो. तिथून बाहेर पडलेल्यांची कामं बघा आणि मग ठरवा.

फी भरण्याआधी काही गोष्टी विचाराच. आवाजाचा वर्ग रोज असतो की आठवड्यातून एकदा? एका वर्गात किती जण? शिकवणारे स्वतः अजून काम करतात का? शेवटच्या वर्षी बाहेरच्या दिग्दर्शकांसमोर आणि कॅस्टिंगवाल्यांसमोर (भूमिकांसाठी नट निवडणाऱ्यांसमोर) सादरीकरण होतं का? आणि मागच्या दोन-तीन तुकड्यांमधली मुलं आता काय करताहेत? शेवटच्या प्रश्नाला संस्था एका प्रसिद्ध नावाकडे बोट दाखवून उत्तर देत असेल, तर बाकीच्यांचं काय झालं ते पुन्हा विचारा. कर्जाबद्दल माझं मत ठाम आहे: ज्या शिक्षणाचा हप्ता भरण्यासाठी पुढची दहा वर्षं नको ती नोकरी करावी लागेल, ते शिक्षण नटाला परवडत नाही. शिष्यवृत्त्या असतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या नाट्यविभागानं 2021 पासून शिकवणी शुल्कच रद्द केलं. प्रवेश अवघड आहे, पण अर्ज करण्यापासून कुणी अडवलेलं नाही. आठ-पंधरा दिवसांत कॅमेऱ्यासमोरचा नट बनवून देतो म्हणणाऱ्या वर्गांपासून मात्र लांब राहा.

अभिनय शिकवण्याच्या पद्धतींच्या भांडणातही पडू नका. रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लावस्की यांनी 1898 मध्ये मॉस्को आर्ट थिएटर उभं केलं आणि नंतर आयुष्यभर ते स्वतःचीच मांडणी बदलत राहिले. अमेरिकेत 1931 मध्ये ग्रुप थिएटर निघालं. तिथे ली स्ट्रासबर्ग नटांना स्वतःच्या जुन्या भावना आठवायला लावत. त्याच गटातल्या स्टेला ॲडलर 1934 मध्ये पॅरिसला स्तानिस्लावस्कींना भेटल्या आणि परत येऊन त्यांनी सांगितलं की भर पात्राच्या परिस्थितीवर आणि कृतीवर हवा. सॅनफर्ड माइस्नर यांनी तिसरी वाट धरली: समोरच्याकडे खरंखुरं लक्ष द्या, बाकीचं त्यातून येईल. तिघांनीही मोठे नट घडवले. तुम्ही एक वाट धरून काही वर्षं मन लावून चाला. तिच्या मर्यादा जाणवल्या की दुसरीकडून घ्या.

शाळेत जाणं जमलं नाही तर काय? मग तालमीचं वेळापत्रक स्वतः लावायचं. यावर मी सगळ्यात जास्त बोलेन, कारण शाळेतून बाहेर पडल्यावरही शेवटी हेच करायचं असतं.

सकाळी आवाज आणि श्वास. जमिनीवर पाठ टेकून पडायचं, श्वास पोटापर्यंत उतरू द्यायचा, हलके हुंकार, मग स्वर, मग व्यंजनांचे सराव. त्यानंतर मोठ्यानं वाचन. कविता वाचा, अग्रलेख वाचा, जुन्या नाटकांतली लांब स्वगतं वाचा. वाक्याच्या शेवटी आवाज गळतो का, याकडे कान द्या. नव्या नटांमध्ये हा दोष सर्रास असतो आणि मराठीत तो फार महागात पडतो, कारण आपलं क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं. आवाज तिथे पडला की नेमकं काय घडलं तेच प्रेक्षकाला कळत नाही. शरीरासाठी नाच, योग, कुस्ती, पोहणं, जे रोज कराल ते.

नंतर संहिता. एक छोटं वाक्य घ्या: "दार उघडंच आहे." हे वाक्य तुम्ही कुणाला तरी थांबवण्यासाठी म्हणू शकता, हाकलून देण्यासाठी, सावध करण्यासाठी, धीर देण्यासाठी किंवा टोमणा मारण्यासाठी. शब्द तेच. बदलतं ते समोरच्या माणसाचं तुम्हाला काय करायचं आहे ते. नवे नट बहुतेकदा भावना ठरवतात: इथे मी दुःखी, इथे चिडलेला. मग ते दुःख दाखवत बसतात आणि बघणाऱ्याला ते खोटं वाटतं. त्याऐवजी प्रत्येक संवादाच्या बाजूला पेन्सिलीनं एक सकर्मक क्रियापद लिहा: थोपवतो, चुचकारतो, डिवचतो, कबूल करायला लावतो. मग आधीचा क्षण ठरवा. हे पात्र खोलीत आलं ते कुठून? नुकतंच काय ऐकून आलं? त्याला काय लपवायचं आहे? एवढं ठरलं की भावना आपोआप येते आणि न आली तरी प्रवेश उभा राहतो. रोज एक पान असं सोडवलंत तर सहा महिन्यांत तुमचं वाचनच बदललेलं तुम्हाला जाणवेल.

पण एकट्यानं करण्यालाही मर्यादा आहे. अभिनय दोघांत घडतो. म्हणून चार-पाच जणांचा गट जमवा आणि आठवड्यातला एक दिवस, एक वेळ पक्की करा. कुणी आलं नाही तरी ती वेळ मोडायची नाही. प्रवेश वाचा, बसवा, भूमिका अदलाबदल करून पुन्हा करा. दर काही महिन्यांनी पंधरा-वीस लोकांसमोर, एखाद्या खोलीत का होईना, काहीतरी सादर करा. नवीन दिग्दर्शकांनाही नट हवे असतात, लेखकांना नव्या संहितेच्या वाचनासाठी आवाज हवे असतात, चित्रपट शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांच्या लघुपटासाठी माणसं हवी असतात. तिथे जा. पुढची बरीच कामं या ओळखींतून येतात, कारण आज लघुपट करणारा विद्यार्थी काही वर्षांनी मालिकेचा सहायक दिग्दर्शक होतो आणि वेळेवर येणारा, पाठांतर करून येणारा नट त्याच्या लक्षात राहिलेला असतो.

तुमचा अनुभव नाटकाचा आहे, म्हणून कॅमेऱ्याबद्दल थोडं. कॅमेऱ्यासमोर "कमी करा" असं सगळे सांगतात. हा सल्ला अर्धवट आहे, त्यानं नट मुका होतो. आवाज आणि हालचाल कमी करा, विचार कमी करू नका. क्लोजअपमध्ये डोळ्यांत विचार चालू नसेल तर चेहरा रिकामा दिसतो. चित्रीकरण कथेच्या क्रमानं होत नाही. शेवटचा प्रवेश पहिल्या दिवशी आणि दोघांची पहिली भेट शेवटच्या दिवशी, असंही होतं. म्हणून पूर्ण संहितेतला आपल्या पात्राचा आलेख स्वतः कागदावर काढून ठेवायचा. कंटिन्युइटी, म्हणजे प्रत्येक टेकमध्ये हालचाली सारख्या ठेवणं, हीही तुमचीच जबाबदारी आहे. मास्टर शॉटमध्ये (अख्खा प्रवेश एका चौकटीत घेतलेल्या चित्रणात) ज्या शब्दावर पेला उचललात, त्याच शब्दावर प्रत्येक टेकला उचलायचा, नाहीतर तुमचा उत्तम टेक संकलनात जोडता येत नाही आणि बाद होतो. फोनवर चित्रीकरण करून हा सराव घरी करता येतो.

ऑडिशनकडे बघण्याची नजर बदला, असं मी प्रत्येकाला सांगतो. ऑडिशन म्हणजे परीक्षा असं धरलंत की तुम्ही बरोबर उत्तर शोधत बसाल. कॅस्टिंगवाल्यांकडे बरोबर उत्तर नसतं. त्यांच्याकडे एक अडचण असते, योग्य माणूस सापडत नसल्याची, आणि दार उघडून आत येणारा प्रत्येक जण ती सोडवेल अशी त्यांची मनापासून इच्छा असते. निवड न होण्याची कारणं तुमच्या कामाशी बहुतेक वेळा संबंधित नसतात: आधी ठरलेल्या नटापेक्षा तुम्ही उंच आहात, त्याच्या भावासारखे दिसत नाही, तारखा जुळत नाहीत. ती कारणं तुम्हाला कुणी सांगत नाही, म्हणून आपणच वाईट असा अर्थ आपण लावतो. तो लावू नका.

पाठांतर इतकं पक्कं हवं की शब्द आठवण्यात लक्ष जाऊ नये. आत गेल्यावर "आता हेच वेगळं करून दाखवा" असं सांगितलं तर आनंद माना. पहिलं चुकलं म्हणून ते सहसा सांगत नाहीत. तुम्हाला दिशा दिली तर तुम्ही बदलू शकता का, हे त्यांना बघायचं असतं. अशा वेळी दहा टक्के बदलू नका, स्पष्ट दिसेल इतकं बदला.

सध्या पहिली फेरी बहुतेक सेल्फ टेपवरच होते, म्हणजे स्वतःच चित्रित करून पाठवलेल्या ऑडिशनवर. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीला, स्टँडवर. मागे एकरंगी भिंत, उजेड समोरून, छातीपासून वरचा भाग चौकटीत. सूचना वेगळ्या असतील तर सूचनांप्रमाणेच. समोरचे संवाद वाचणारा माणूस कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभा राहू दे आणि त्याचा आवाज तुमच्यापेक्षा हळू असू दे. वाचणारा चांगला निवडा, कारण तुम्ही त्याचं ऐकताय की नाही हे कॅमेऱ्याला दिसतं. तीन-चार टेक करा, एकमेकांपेक्षा खरोखर वेगळे दोन निवडा. रात्रभर टेकवर टेक करत बसलात तर प्रत्येक टेकबरोबर ताजेपणा जातो. पाठवल्यावर वहीत तारीख, भूमिका आणि आपण काय ठरवलं होतं ते लिहा आणि विषय बंद करा. निकाल कळो न कळो, वही तुम्हाला पुढच्या वेळी उपयोगी पडते.

फोटोंबद्दल एवढंच: ते आज तुम्ही जसे दिसता तसे हवेत. शोरील, म्हणजे तुमच्या निवडक कामाची छोटी चित्रफीत, दोन मिनिटांच्या आतलं आणि सर्वांत चांगलं काम सुरुवातीलाच.

पैशाबद्दल लाजू नका. उदरनिर्वाहासाठी दुसरं काम करणं हा अपयशाचा पुरावा नाही, बहुतेक नट ते करतात. काम निवडताना मात्र तीन गोष्टी बघा: दिवसा मधूनच ऑडिशनला जाता आलं पाहिजे, घशावर ताण पडता कामा नये आणि संध्याकाळी तालमीपुरती ताकद उरली पाहिजे. शिकवणी, भाषांतर, संपादन, पाळ्यांची कामं यात बसतात. काही महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर तुम्ही वाईट कामाला नाही म्हणू शकता, आणि ते स्वातंत्र्य मोठं आहे. भुकेलेला नट ऑडिशनमध्ये काकुळतीला येतो आणि ते दिसतं.

फसवणुकीचं क्षेत्र मोठं आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. ऑडिशनसाठी पैसे द्यायचे नसतात. एजंट तुमच्या मानधनातून ठरलेला हिस्सा घेतो, आधी नोंदणीचे पैसे मागणारा एजंट नव्हे. "आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा" म्हटलं की बाहेर पडा. ऑडिशन कार्यालयात किंवा स्टुडिओत होते, कुणाच्या खोलीवर होत नाही. जवळिकीचा प्रवेश असेल तर त्यात नेमकं काय दिसणार हे आधी लेखी मागा. आता मोठ्या निर्मितींमध्ये त्यासाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे असे प्रवेश नटांच्या संमतीनं आणि सुरक्षितपणे बसवणारा माणूस, असतो, तो आहे का हे विचारण्यात काहीही गैर नाही. करार सही करण्याआधी पूर्ण वाचा, विशेषतः तुमचा चेहरा आणि आवाज संगणकावर पुन्हा घडवून वापरण्याबद्दलचं कलम. अमेरिकेतल्या नटांची संघटना 2023 मध्ये 118 दिवस संपावर होती, त्यामागच्या मुख्य मुद्द्यांपैकी हा एक होता. नवख्या नटाच्या करारातही हे कलम येऊ शकतं. संमती कुठल्या कामापुरती, किती काळासाठी आणि किती मोबदल्यावर, हे त्यात लिहिलेलं नसेल तर लिहून घ्या.

घरच्यांशी बोलताना "मी मोठा स्टार होईन" असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. जे हातात आहे ते सांगा: मी अमुक काम करून माझा खर्च भागवतो, रोज इतके तास सराव करतो, या गटाबरोबर काम करतो, या शाळांना अर्ज केले आहेत. आणि प्रयोगाला बोलवा. आई-वडिलांची काळजी बहुतेक वेळा अभिनयाबद्दल नसते, मुलगा किंवा मुलगी दिवसभर करते काय याबद्दल असते. त्याचं उत्तर असलं की बोलणं सोपं होतं.

राहिला शेवटचा प्रश्न, किती वर्षं. मी वर्षांचा आकडा देत नाही, कारण आकडा ठरवला की माणूस तोपर्यंत नुसता तग धरतो. दर वर्षी एकदा वही घेऊन बसा आणि बघा: माझं काम गेल्या वर्षीपेक्षा सुधारलं का, आणि हे आणखी कोण म्हणतं? ज्यांच्या मताला मी मानतो अशा माणसांनी मला पुन्हा बोलावलं का? तालमीला जाताना अजून हुरूप वाटतो का? मिळालेल्या भूमिकांची संख्या या यादीत मी मुद्दाम घातलेली नाही. सलग दोन वर्षं तिन्ही उत्तरं नाही अशी आली तर दिशा बदलायचा विचार करा. ती दिशा दिग्दर्शनाची असेल, लेखनाची, डबिंगची, नाट्यशिक्षणाची किंवा अगदी वेगळ्या क्षेत्राची. नाटक हौशीनं आयुष्यभर करणाऱ्यांमध्ये मी अव्वल दर्जाचे नट पाहिले आहेत. सध्या मात्र तुम्ही सुरुवातीलाच आहात, तेव्हा या आठवड्यात गटासाठी चार नावं काढा, त्यांना फोन करा आणि पहिल्या तालमीची वेळ ठरवून टाका.